गाठोडं दिलंस ना?

१

ऋताला वाटलं होतं, आईबाबा एकदाचे गेले की सदतीस दिवस घर तिचं एकटीचं होईल. डायनिंग टेबलावरच्या लोणच्याच्या बरण्या हलवून तिथे पाण्याच्या बाटल्या मांडता येतील, टीव्ही बंद राहील आणि सकाळी सहाला "अगं, दूध तरी पिऊन जा" म्हणत कोणी मागे लागणार नाही. पाच वर्षं नेदरलँड्समध्ये पाण्याचं शास्त्र शिकून ती परतली होती, ती काही काचेच्या कचेरीत बसायला नाही. बारवी धरणातून एवढ्या शहरांना पाणी जातं आणि धरणाच्या काठच्या पाड्यांवरच्या बाया मात्र अजून डबक्याचं पाणी गाळून पितात, हे तिला तिथे परदेशात झोपू देत नसे. आता ती रोज सकाळी पाड्यांवर जाई, बाटल्या भरून आणी आणि बायांना सांगे, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, चाचणीवर ठेवा." बाया तोंडाला पदर लावून हसत.

बरण्या हलल्या, टीव्ही बंद झाला, टेबलावर बाटल्यांची रांगही लागली. पण घर काही मोकळं झालं नाही.

तिचे बाबा विष्णुपंत अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं अधिकारी होते आणि या चौतीस वर्षांत गोव्याच्या पलीकडे गेले नव्हते. लेकीचा पदवीदान समारंभ दोघांनी फोनच्या पडद्यावर पाहिला होता. तेव्हा आई, वृंदा, डोळे पुसत म्हणाली होती, "तू जाऊन आलीस, आता आम्हीपण विमानात बसणार." ते विमान ठरलं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं, अडतीस जणांच्या सहलीतलं. आणि ते सुटत होतं नेमकं अमावास्येला.

"मग प्रस्थान ठेवा की," शेजारच्या यशोधराकाकू म्हणाल्या. "गुरुवारी माझ्याकडे ठेवा, निघताना उचला. म्हणजे तुम्ही गुरुवारीच निघालात."

आईने स्वतःच्या जुन्या साडीचा एक तुकडा घेतला. त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि बाबांचा एक रुमाल बांधला आणि ते गाठोडं शेजारच्या घरात पाटावर ठेवून आली. दुसऱ्याच दिवशी काकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून नाशिकहून फोन आला. काकू घाईघाईने गेल्या आणि जाताना किल्ली ऋताच्या हातात देऊन गेल्या. "निघताना आठवणीने दे हं बाळा त्यांच्या हातात."

ऋताने दिलं नाही.

विसरली असती तर गोष्ट वेगळी. ती विसरली नव्हती. चार वाजता गाडी आली, बॅगा खाली गेल्या, किल्ली तिच्या खिशात होती. जिन्यात तिच्या मनात आलं, उद्या मी पाड्यावर जाऊन कोणत्या तोंडाने बायांना शिकवू? आणि ती तशीच खाली उतरली. आईने गाडीच्या खिडकीतून विचारलं, "गाठोडं दिलंस ना?"

"तुझ्या हँडबॅगेत टाकलंय," ऋता म्हणाली.

आईचा चेहरा असा निवला की ऋताला क्षणभर स्वतःची लाज वाटली. मग गाडी वळली. आईबाप निघाल्या पावली घर झाडू नये म्हणतात, म्हणून तिने वर येऊन मुद्दाम झाडू घेतला.

२

तिसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसून बाटल्यांवर पाड्यांची नावं लिहीत होती. बाटलीतलं पाणी दोन दिवसांत काळं पडलं की त्यात मैला आहे असं समजायचं. साधी चाचणी होती, पण तिला ती फार आवडे. संशय नाही, वाद नाही, काळं म्हणजे काळं.

चर्रर्र. टप.

सोफ्यामागच्या भिंतीतून आवाज आला. तिने मान वर केली.

चर्रर्र. टप.

आवाज तिच्या ओळखीचा होता, म्हणूनच आधी तो कसला हे तिला कळलं नाही. मग आठवलं. सहलीसाठी आईने उल्हासनगरच्या बाजारात जाऊन, तिथल्या सिंधी दुकानदाराशी तासभर घासाघीस करून, दोघांना एकसारखे पांढरे बूट आणले होते. बाबांना वाकून नाड्या बांधता येत नाहीत म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्यांचे. जायच्या आधी आठ दिवस बाबा ते घालून घरात सराव करायचे. पट्टी उघडायची, चर्रर्र. ओढून बसवायची, टप. "पंत, तुम्ही न्यूझीलंडला चाललाय की सैन्यात?" असं आई विचारायची.

भिंतीपलीकडे यशोधराकाकूंची बाहेरची खोली होती. बंद.

ऋताने घड्याळ पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खोक्याची चिकटपट्टी ओढत असेल. या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे पापड, वरच्यांचा आवाज बाजूला येतो. तिने वहीत खरोखरच नोंद केली: तारीख, वेळ, संभाव्य कारण.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा आला. त्याच्या पुढच्या दिवशी ती वरच्या मजल्यावर जाऊन आली. वरच्या घराला कुलूप होतं, दारावर महिन्याभराची पत्रकं अडकलेली.

३

सहलीचा व्यवस्थापक कल्पेश रोज ग्रुपवर फोटो टाकी. सहाव्या दिवशीचा फोटो कुठल्याशा तळ्याकाठचा होता. सगळे जाड कोट घालून, कानटोप्या ओढून, दात वाजवत हसत होते. आईबाबा डाव्या टोकाला उभे होते.

ऋताने फोटो मोठा केला. दोघांच्या पायांत काही नव्हतं.

ओल्या दगडांवर चार अनवाणी पाय. बाबांच्या अंगठ्याचं वाकडं नखही दिसत होतं. तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बूट कुठे तुमचे? एवढ्या थंडीत?"

"पायात आहेत की," आई म्हणाली.

"फोटोत नाहीयेत."

आईने फोन खाली वळवला. हॉटेलचा गालिचा दिसला, पलंगाची कड दिसली आणि दोन गोरटेले, उघडे पाय. "हे बघ. अजिबात चावत नाहीत गं! त्या सिंध्याने अगदी चांगले दिले."

ऋता हसली. आपण हसलो हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. "बाबा कुठायत?"

"बसलेत की." कॅमेरा फिरला. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. हात मांडीवर, नजर दाराकडे. एरवी ते जेवल्यावर सोफ्यात असे रुतत की उठवायला दोघी लागत.

"काय बाबा, मजा येतेय ना? जेवलात?"

"चहा झालाय," बाबा म्हणाले. "चार वाजले ना. आता निघायचंच."

न्यूझीलंडमध्ये तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. प्रवासाचा शीण, घड्याळाचा घोळ. मीही पहिल्यांदा परदेशात गेले तेव्हा आठवडाभर असंच होत होतं, असं ऋताने स्वतःला सांगितलं. फोन ठेवताना आईने विचारलं, "गाठोडं दिलंस ना?"

"दिलं," ऋता म्हणाली. हे दुसऱ्यांदा.

४

जिना झाडणारी बनूबाई सकाळी बेल वाजवून म्हणाली, "ताय, यशोधराकाकू आल्या वाटतं?"

"नाही. का हो?"

"काल चारच्या टायमाला मी हितं पुसत व्हते. आतून इचारलान, 'गाडी आली का गं?' म्हनून. मी बोलले, कनची गाडी? त मग काय बोललं नय कोन."

"आवाज कोणाचा होता?"

बनूबाईने बादलीतलं फडकं पिळलं. पुन्हा एकदा पिळलं. "तुमच्या आयशीवानी वाटला. पन त्या त फारीनला गेल्यान ना?"

"बनूबाई, टीव्ही असेल कोणाचा तरी."

"आसंल," बनूबाई म्हणाली. "टीव्ही लय मायेनं इचारत व्हता." आणि त्या दिवसापासून तिने तिसऱ्या मजल्याची फरशी पुसणं सोडून दिलं. खालच्या दोन मजल्यांवर मात्र ती आली की तिच्या बादलीचा आवाज यायचा.

ऋताने शास्त्राला शोभेल असं काम केलं. शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि काकूंच्या दारावर, चौकटीपासून फळीपर्यंत, दोन टोकांना चिकटपट्टी लावून बसवला. दार बोटभर उघडलं तरी दोरा तुटावा.

त्या दुपारी चर्रर्र, टप झालं. चार वेळा. म्हणजे दोन जोड.

ती धावत बाहेर आली. दोरा शाबूत होता. म्हणजे आत कोणी गेलेलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. ती परत आपल्या दारापर्यंत आली, हात कडीवर ठेवला आणि तशीच थांबली. आज कोणी आत गेलं नाही आणि कोणी बाहेर आलं नाही, एवढंच त्या दोऱ्याने सिद्ध होत होतं.

आधीपासून कोणी आत असेल तर दोरा काय सांगणार?

५

नवव्या दिवशी कल्पेशचा फोन आला. ठाण्याचा हसतमुख माणूस, पण आवाज पडलेला.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. तब्येत वगैरे ठीक आहे दोघांची. एक विचारू का? काका-काकूंना यायचंच नव्हतं का?"

"म्हणजे काय?"

"मी बस सुटायच्या आधी रोज डोकी मोजतो. अडतीस पाहिजेत. रोज छत्तीस भरतात. परत मोजतो, छत्तीसच. मग नाव घेऊन हाक मारली की दोघं तिथेच असतात, चौथ्या सीटवर, एकदम माझ्यासमोर. बारा वर्षं हेच करतोय मॅडम, मला माणसं मोजता येतात हो."

ऋताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आधी दोघं 'हो' म्हणायचे. परवापासून एकच 'हो' येतो. आणि आज..." तो अडखळला. "आज मला नावच आठवेना त्यांचं. लिस्ट बघितली तेव्हा कळलं. बाकीच्या लोकांना विचारलं, तर म्हणतात ती सीट रिकामीच असते ना. सॉरी मॅडम. तुम्हाला बोलायला नको होतं."

"फोन द्या आईला."

बराच वेळ खरखर ऐकू आली. मग आईचा आवाज आला, पण लांबून, जणू ती फोन कानाला न लावता मांडीवर ठेवून बोलत होती.

"आई, ऐक. मी खोटं बोलले. गाठोडं मी दिलं नव्हतं. मुद्दाम दिलं नव्हतं. ते काकूंकडेच आहे."

"हो ना," आई म्हणाली. "इथेच आहे. पाटावर."

"आई, तू कुठे आहेस आत्ता? काय दिसतंय तुला?"

"असं काय गं विचारतेस? यशोधराकडे बसलोय आम्ही. हे केव्हाचे बूट घालून बसलेत. तू गाडी आली की सांगशील ना? नुसतं बसून पाय अवघडलेत बघ."

मग कल्पेशच परत आला. "मॅडम? मॅडम, कोणाला देऊ फोन म्हणालात?"

६

तिने नाशिकला फोन लावला. पाळण्यातल्या बाळाच्या रडण्यावरून आवाज चढवत यशोधराकाकू आनंदाने सांगू लागल्या की मुलगी झाली, साडेसात पौंडांची, नाक अगदी तिच्या बापासारखं. ऋताने त्यांना बोलू दिलं. मग सगळं सांगितलं. जिना, किल्ली, खिडकी, दोनदा बोललेलं खोटं.

काकू रागावतील, रडतील, काहीतरी उपाय सांगतील असं तिला वाटलं होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "दार उघडून बघितलंस का?"

"नाही."

"का?"

चाचणीवर विश्वास ठेवा म्हणणारी ती, नऊ दिवस किल्ली खिशात घेऊन फिरत होती आणि दार उघडून पाहत नव्हती.

"निघालेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये बाळा," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पावणेचारला तिने दोरा काढून कुलूप उघडलं. बंद घराचा कोंदट वास यायला हवा होता. आला तो आईच्या पावडरचा आणि नव्या रबराचा. खिडक्यांचे पडदे ओढलेले असले तरी दुपारचं ऊन फटींतून येत होतं, त्यामुळे सगळं नीट दिसत होतं. कोपऱ्यात पाट, पाटावर गाठोडं. तिने गुडघ्यावर बसून त्याला हात लावला. ते कोमट होतं. ऊन पडत असेल. तिने मागे वळून पाहिलं. ऊन पाटापासून चार हात लांब होतं.

ती घड्याळाकडे बघत तिथेच बसली. कारण सापडलं पाहिजे. उंदीर सापडला तरी चालेल, पाइप सापडला तरी चालेल. कारण सापडलं की तिला रडता येणार होतं.

बाहेरच्या खोलीत आणि आतल्या खोलीत दार नव्हतं, नुसता पडदा होता. काकूंचा निळा, फुलाफुलांचा, जमिनीपासून वीतभर वर संपणारा.

चार वाजले.

चर्रर्र.

पडद्याखाली चार पांढरे बूट होते. एका जोडीची पट्टी हळूहळू उघडत होती, आणि ती उघडणारा हात तिला दिसत नव्हता. टप. पट्टी बसली. मग दुसरी. बाजूची जोडी जरा लहान. तिच्या उजव्या बुटाचा पुढचा भाग जमिनीवर अधीरपणे आपटत होता, आई बँकेच्या रांगेत उभी राहून आपटते तसा. बुटांच्या वर पाय असायला हवेत. ऋताने बघायला मान खाली केली. घोट्याशी येईपर्यंत केली, आणि मग तिला जे दिसलं, किंवा जे दिसायला हवं होतं ते जिथे नव्हतं, त्यापुढे तिला मान वाकवता आली नाही.

"गाडी आली का गं?" पडद्याआडून आईने विचारलं.

रागाने नव्हे. नऊ दिवस वाट बघूनही रागाने नव्हे.

ऋता बसल्या बसल्या मागे सरकत दाराबाहेर आली. तिने दाराला कुलूप लावलं.

संध्याकाळी कल्पेशने ग्रुपवर फोटो टाकला. बर्फाचा डोंगर, पुढे माणसं. तिने मोजली. छत्तीस. पुन्हा मोजली नाही. डाव्या टोकाला, कोणीतरी उभं असावं एवढी जागा सोडून बाकीचे दाटीवाटीने उभे होते, आणि आपण ती जागा का सोडली हे त्यांच्यापैकी कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

७

सकाळी तिने पाड्यावर निरोप पाठवला की आज येणार नाही. टेबलावरच्या बाटल्या पाहिल्या. अकरा काळ्या पडल्या होत्या, तीन स्वच्छ होत्या. तिने नोंद केली, कारण ते काम खरं होतं आणि खरंच राहणार होतं. मग वही मिटली. रात्रभर ती जे काही ठरवू पाहत होती, ते आता दूध तापवण्याइतकं साधं वाटत होतं. काय आहे हे तिला सांगता येणार नव्हतं. काय राहिलंय हे तिला माहीत होतं.

तिने आंघोळ केली, केस बांधले आणि विमानतळापर्यंत गाडी बोलावली. गाडी खाली लागल्यावर तिने काकूंचं दार उघडलं, पाटावरचं गाठोडं दोन्ही हातांत घेतलं आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आई, बाबा," ती म्हणाली. तिने पुन्हा म्हटलं. "आई, बाबा, गाडी आली. चला. माझ्यामुळे उशीर झाला."

मागे चर्रर्र, टप झालं. चार पट्ट्या. एकही पुन्हा उघडली नाही.

जिना उतरताना तिने मागे पाहिलं नाही. दुसऱ्या मजल्यावर बनूबाई फडकं घेऊन बसली होती. तिने ऋताकडे पाहिलं, मग ऋताच्या मागे पाहिलं, आणि आपली बादली भिंतीकडे ओढून घेतली, वाट द्यायला.

ऋताने मागचं दार उघडलं, सीटच्या मधोमध गाठोडं ठेवलं आणि दार जरा वेळ तसंच उघडं धरलं. गाडी किंचित खाली बसली. दुसऱ्या बाजूने पुन्हा किंचित. तिने दार लावलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

"एअरपोर्टला ना मॅडम? इंटरनॅशनल?"

"हो. गेटपर्यंत सोडायचंय. येताना मी एकटीच असेन."

घराजवळचा कात्रपचा नाका ओलांडला तशी गाडीत टिंगटिंग सुरू झाली. ऋताने आपला पट्टा चाचपला. तो लावलेला होता. मूठभर तांदळाच्या वजनाने हे वाजत नसावं, असं तिच्या डोक्यातल्या शिकलेल्या कोपऱ्यात येऊन गेलं. तिने तो विचार अडवला नाही आणि धरूनही ठेवला नाही.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मॅडम, ये बंद नहीं होगा. मागे त्या दोघांना जरा बेल्ट लावायला सांगा ना."

ऋताने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, "बेल्ट लावा. लांब जायचंय."